पळायचे असेल तर जेवावे लागेल

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आपल्या वस्त्यांतली पोरे फजरनंतर मैदानावर दिसू लागतात. आता मुलीही मागे राहिलेल्या नाहीत. स्कार्फ घट्ट बांधून, अब्बांना नाहीतर भावाला सोबत घेऊन त्या आठशे मीटरची तयारी करतात. ही फार चांगली गोष्ट आहे. पण त्याच आठवड्यात त्या घरात आणखीही काही सुरू होते. मुलगा रात्रीचे जेवण बंद करतो. मुलगी भात-भाकरी सोडते. सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध, दुपारी काकडी-टोमॅटो, रात्री एक सफरचंद. कुणीतरी मोबाइलवर पाठवलेला सात दिवसांचा तक्ता फ्रिजच्या दारावर चिकटवला जातो. अम्मी ताट घेऊन मागे मागे फिरते, "बेटा, दोन घास तरी खा," आणि उत्तर येते, "अम्मी, आठ दिवसांत पाच किलो कमी करायचे आहेत."

या पाच किलोंविषयीच आज आम्हाला बोलायचे आहे.

वजन कमी करूच नये असे आमचे म्हणणे नाही. उलट आपल्या समाजात त्याची गरज वाढतेच आहे. आपल्या देशातल्या लोकांच्या शरीराची ठेवण अशी, की पोटावर थोडी चरबी चढली तरी मधुमेह आणि रक्तदाब लवकर गाठतात. म्हणून आपल्यासाठी धोक्याची रेषाही अलीकडे ओढलेली आहे: पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि स्त्रीची ८० च्या वर गेली तर सावध व्हायला हवे. मोजायची टेप शिवणकामाच्या डब्यात असतेच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मोठ्या पाहणीत देशातील मधुमेही दहा कोटींच्या वर गेल्याचे दिसले. तेव्हा वजनाकडे लक्ष देणे शहाणपणाचेच आहे. प्रश्न आहे तो पद्धतीचा, आणि त्यातही जो माणूस रोज पळतो, खेळतो, ओझी उचलतो किंवा दिवसभर उभा राहून काम करतो त्याचा. अशा माणसाला वाटते की व्यायाम तर चालूच आहे, आता जेवणही तोडले की दुप्पट फायदा. फसगत होते ती इथेच.

हिशेब किराणा दुकानातल्या हिशेबापेक्षा अवघड नाही. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. पाच किलोंच्या झाल्या ३८,५००. पासष्ट किलो वजनाचा, रोज सराव करणारा तरुण दिवसभरात सगळे मिळून साधारण २,५०० कॅलरी खर्च करतो. आठ दिवसांच्या झाल्या २०,०००. म्हणजे त्याने आठ दिवस तोंडात दाणा घातला नाही तरी अडीच किलोंच्या आसपासच चरबी जळेल. मग काट्यावर पाच किलो कमी दिसतात ते कशाचे?

बरेचसे पाणी. भाकरी, भात, बटाटा यांतून मिळणारी साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवते. हा साठा चारशे-पाचशे ग्रॅमचा असतो आणि त्यातला प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून बसतो. भाकरी-भात बंद केला की दोन-तीन दिवसांत हा साठा संपतो, पाणी लघवीवाटे निघून जाते आणि काटा दीड-दोन किलो खाली येतो. पोटात अन्न कमी असते, त्याचेही वजन गेलेले असते. मुलगा खूश होतो. पण पळताना लागणारे इंधन म्हणजे हाच साठा. तो रिकामा करून मैदानावर उतरणे म्हणजे टाकीतले पेट्रोल काढून गाडी हलकी झाली म्हणण्यासारखे आहे. चौथ्या फेरीला पाय जड होतात, चक्कर येते, आणि ज्या सोळाशे मीटरसाठी हा सगळा खटाटोप केला त्यातच वेळ वाढतो. पहिल्या दिवशी पोटभर जेवला की ते दोन किलो परत येतात आणि पोरगा निराश होतो की आपल्या नशिबात वजन उतरणेच नाही.

पाण्याचे वजन कसे येते-जाते याचे सर्वांत बोलके उदाहरण पॅरिस ऑलिंपिकचे. विनेश फोगाट हिने ५० किलो गटात एकाच दिवशी तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरी गाठली. दुसऱ्या दिवशी, ७ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी, वजन १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती स्पर्धेतून बाद झाली. आदल्या सकाळी वजन बरोबर होते. कुस्त्यांच्या दरम्यान थोडे खाल्ले-प्यायले आणि संध्याकाळपर्यंत वजन दोन किलोंहून अधिक वाढले. रात्रभर व्यायाम आणि घाम काढणे, शेवटी केस कापणे, सगळे झाले. शरीर इतके कोरडे पडले की तिच्यावर उपचार करावे लागले. तिच्यामागे डॉक्टर होते, आहारतज्ज्ञ होते, वर्षानुवर्षांचा अनुभव होता, तरी ही अवस्था. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस महाविद्यालयातले तीन तरुण पैलवान महिनाभराच्या अंतरात याच प्रकारे, घाम काढून वजन उतरवण्याच्या नादात दगावले. त्यानंतर तिथल्या कुस्तीचे वजनाचे नियमच बदलले. पैलवानाला निदान गटात बसायचे म्हणून काट्यावर उभे राहावे लागते. भरतीच्या उमेदवाराला तर वजनाचे गुणच नाहीत. शारीरिक चाचणीचे पन्नास गुण असतात ते पळण्याचे आणि गोळाफेकीचे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळा. जून २०१४ मध्ये मुंबईच्या भरतीत पाच किलोमीटर पळताना काही तरुणांचे प्राण गेले आणि नंतर ते अंतर कमी केले गेले. ऊन, दमट हवा, लांबचा प्रवास या सगळ्यात रिकाम्या पोटी, कोरड्या शरीराने पळणे किती महाग पडू शकते याची कल्पना घरच्यांनी ठेवलेली बरी.

पाणी गेल्यावरही जो उपास चालू ठेवतो त्याचे काय होते, याचा एक जुना प्रयोग प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी युरोपात उपासमार पसरली होती. उपाशी माणसांना पुन्हा कसे जेवू घालावे हे समजण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये छत्तीस निरोगी तरुणांवर प्रयोग केला. हे तरुण स्वेच्छेने आले होते. चोवीस आठवडे त्यांना दिवसाला सुमारे १,६०० कॅलरी दिल्या गेल्या, दोन वेळचे जेवण: बटाटे, सलगम, पाव, शेवया. आणि आठवड्याला बावीस मैल, म्हणजे पस्तीस किलोमीटर चालणे सक्तीचे. वजन घटले, पाव हिश्शाने घटले. पण बाकी काय झाले ते पाहा. नाडी मंदावली. उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली. केस गळू लागले. जिना चढवेना. ज्यांना स्वयंपाकाचा कधी गंधही नव्हता ते पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले. एकेक घास चघळत तासभर जेवू लागले. चिडचिडे झाले, उदास झाले, मित्रांना टाळू लागले. प्रयोग संपून पोटभर जेवण मिळू लागले तेव्हा कित्येकांची भूक आठवडे आणि महिने भागेना. आधी गेलेला मांसल भाग सावकाश परतला, चरबी मात्र आधी परतली, आणि पूर्वीपेक्षा जास्त.

आता हे लक्षात घ्या की त्यांना १,६०० कॅलरी मिळत होत्या. आज मोबाइलवर फिरणारे बरेच तक्ते त्याहून कमी, हजार-बाराशेचे असतात. एका मोटार कंपनीचे नाव लावून वर्षानुवर्षे फिरणारा सात दिवसांचा तक्ता घ्या: पहिल्या दिवशी नुसती फळे, दुसऱ्या दिवशी नुसत्या भाज्या, चौथ्या दिवशी केळी आणि दूध. पहिले तीन दिवस प्रथिनांचा जवळजवळ पत्ताच नाही. त्यावर माणूस सकाळ-संध्याकाळ पळतोही. घरात चिडचिड वाढली, मुलगी लहान भावंडांवर खेकसू लागली, मुलगा कोपऱ्यात बसून मोबाइलवर बिर्याणीचे व्हिडिओ पाहू लागला, तर त्याला लगेच बिघडलेले वळण समजू नये. आधी त्याचे ताट पाहावे.

शरीर अशा वेळी खर्च आवरते. घरात पैसा कमी आला की आई जशी आधी नवे कपडे, मग दूध, मग फळे बंद करते तसेच. २०१६ मध्ये अमेरिकेत वजन घटवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील चौदा स्पर्धकांची पुन्हा तपासणी झाली. तीस आठवड्यांत त्यांनी सरासरी ५८ किलो वजन घटवले होते. सहा वर्षांनी त्यातले सरासरी ४१ किलो परत आले होते, आणि त्यांचे शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होते. तेवढ्या कॅलरी म्हणजे एका वेळचे साधे जेवण.

मग खेळणाऱ्याने वजन उतरवायचे किती वेगाने? नॉर्वेत २०११ मध्ये वरच्या पातळीवरच्या चोवीस खेळाडूंचे दोन गट करून पाहिले गेले. एका गटाने आठवड्याला आपल्या वजनाच्या ०.७ टक्के घट केली, दुसऱ्याने दुप्पट वेगाने, १.४ टक्के. दोघांनी ताकदीचा व्यायामही केला. शेवटी दोन्ही गटांचे वजन जवळपास सारखेच उतरले. पण सावकाश उतरवणाऱ्यांचा मांसल भाग त्या काळातच सुमारे दोन टक्क्यांनी वाढला, घाईवाल्यांचा वाढला नाही. सत्तर किलोच्या माणसासाठी ०.७ टक्के म्हणजे आठवड्याला अर्धा किलो. चार किलो कमी करायचे तर दोन महिने. भरतीची जाहिरात निघाल्यावर जागे होणाऱ्याला हे परवडत नाही हे खरे. पण जाहिरात निघणार हे तर वर्षभर माहीत असते.

मुलींची बाजू वेगळी

हा भाग आम्ही विशेषतः मातांसाठी लिहीत आहोत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. म्हणजे आपल्या मुलीने पळायला सुरुवात केली तेव्हाच तिचे रक्त कमी असण्याची शक्यता मोठी. त्यात ती मटण, अंडी, डाळ सोडून सॅलडवर आली तर दम लागणारच. दम लागतो म्हणून ती समजते की आपण जाड आहोत, आणि अजून कमी खाते. तिला आहाराच्या तक्त्याआधी हिमोग्लोबिनची तपासणी हवी. सरकारी दवाखान्यात ती होते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. व्यायाम वाढवला आणि जेवण घटवले की अनेक मुलींची पाळी अनियमित होते, कधी बंदच होते. पुष्कळ मुली हे घरी सांगत नाहीत; काहींना तर सुटल्यासारखे वाटते. पण ही शरीराने दिलेली सूचना असते की रोजचे भागवल्यावर उरायला काही नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये खेळाडूंमधल्या या अवस्थेवर स्वतंत्र निवेदन काढले. खर्चापेक्षा अन्न कमी पडल्याने हाडे कमकुवत होतात, वारंवार दुखापत होते, सर्दी-ताप हटत नाही, आणि हे मुलांतही घडते, फक्त त्यांच्यात ते लवकर लक्षात येत नाही. ज्या वयात हाडे भरायची त्याच वयात ती पोकळ राहिली तर पुढे बाळंतपणात आणि चाळिशीनंतर त्याची भरपाई सहज होत नाही. लागोपाठ तीन महिने पाळी आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायला हवे. "लग्न झाले की होईल ठीक" हे उत्तर देऊ नये.

निकाहची तारीख ठरलेल्या मुलींचेही बहुधा हेच चाललेले असते. घागरा बसावा म्हणून महिनाभर अर्धपोटी राहायचे आणि वलीम्याच्या दिवशी चक्कर येऊन बसायचे, हे आम्ही इतक्या वेळा पाहिले आहे की आता त्याचे नवलही वाटत नाही. शिंप्याकडे घागऱ्याला दोन इंच माया ठेवायला सांगणे जास्त सोपे आहे.

आणि घरातली भाभी किंवा अम्मी? ती तर कुणाच्या हिशेबातच नसते. सकाळपासून उभी असते, पाणी भरते, फरशी पुसते, मुलांचे डबे करते. नाश्ता नाही, चहावर दुपार, सगळ्यांचे झाल्यावर उरलेले जेवण, मग रात्री साडेदहाला भुकेने दोन ताटांचे एक ताट. वजन वाढते तेव्हा ती म्हणते, मी तर काही खातच नाही. तिला डाएटची गरज नाही. तिला सकाळी नऊ वाजता बसून खायला मिळण्याची गरज आहे.

देगचीपासून सुरुवात

आमचे मत असे की वजन उतरवणाऱ्या एकट्याचे ताट वेगळे काढण्यापेक्षा घराची देगची बदलावी. सगळा दस्तरखान बिर्याणीचा आणि एकट्याने कोपऱ्यात काकडी खायची, हे चार दिवस चालते. देगचीत बदल केला तर तो सर्वांना लागतो आणि कुणाला डाएटवर असल्यासारखे वाटत नाही.

तेलापासून पाहू. पाच माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा वीस दिवसांत संपत असेल, तर माणशी रोज ५० मिलिलिटर तेल पोटात जाते, म्हणजे चारशेच्या वर कॅलरी. तोच डबा तेहतीस-चौतीस दिवस पुरवला तर माणशी ३० मिलिलिटर होते आणि प्रत्येकाच्या रोजच्या दीडशेच्या आसपास कॅलरी वाचतात. यासाठी चव सोडावी लागत नाही. कांदा तळण्याऐवजी परतावा, सालनावरची तर्री काढून ठेवावी, खिमा आधी त्याच्याच चरबीत सुटू द्यावा आणि मग गरज वाटली तर तेल घालावे. डब्यावर उघडल्याची तारीख पेनने लिहिली की महिन्याचा हिशेब आपोआप कळतो. हा आम्हाला सर्वांत आवडलेला उपाय, कारण यात कुणाच्या ताटाकडे डोळे वटारून पाहावे लागत नाही.

मग चहा. दिवसाला चार कप आणि कपात दोन चमचे म्हणजे ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असावी हे उत्तम, आणि इथे नुसत्या चहातच ती रेषा ओलांडली. एक चमचा कमी केला तर ८० कॅलरी वाचल्या. तेल आणि चहा मिळून सव्वादोनशेच्या वर झाल्या. त्यात संध्याकाळचे फरसाण आठवड्यातून पाच दिवस सोडले की रोजची तीनशेची तूट सहज पडते. तीनशेच्या तुटीने महिन्याला एक किलोहून थोडे अधिक वजन उतरते, आणि जेवणातली एकही भाकरी कमी झालेली नसते.

पळण्यावर मात्र फार भिस्त ठेवू नये. पळताना साधारण एका किलोमीटरला दर किलो वजनामागे एक कॅलरी खर्च होते. पासष्ट किलोचा तरुण पाच किलोमीटर पळाला तर सव्वातीनशे. मैदानाबाहेरच्या गाडीवर एक वडापाव आणि एक कटिंग घेतला की हिशेब फिटला. पळणे हृदयासाठी, दमासाठी, मनासाठी. वजनाचे बरेचसे काम स्वयंपाकघरात होते.

कमी करण्याइतकेच वाढवण्याकडे लक्ष हवे, आणि वाढवायची आहेत ती प्रथिने. साध्या माणसाला दर किलो वजनामागे ०.८ ग्रॅमच्या थोडे वर पुरते; जो व्यायाम करतो आणि वजनही उतरवतो त्याला १.२ ते १.६ ग्रॅम लागतात, नाहीतर शरीर स्वतःचेच स्नायू वापरते. साठ किलोच्या मुलीला म्हणजे ७० ते ९५ ग्रॅम. आकडा मोठा वाटतो, पण आपल्या ताटात तो बसतो. दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम. शंभर ग्रॅम कोंबडी किंवा बांगडा सुमारे वीस ग्रॅम. वाटीभर घट्ट डाळ किंवा मसुराची उसळ सहा-सात, ग्लासभर दूध सहा, मूठभर फुटाणे सहा, आणि ज्वारीच्या प्रत्येक भाकरीत चार-पाच. गोम एवढीच की आपल्याकडे मटण-कोंबडी रविवारी आणि दावतीला भरभरून, बाकीचे दिवस पातळ दालच्यावर भात. एका बैठकीत अर्धा किलो मटण खाण्यापेक्षा तेच चार दिवसांत वाटले तर स्नायूंना जास्त उपयोग. ज्यांच्या घरी रोज अंडीही परवडत नाहीत त्यांना फुटाणे, शेंगदाणे, डाळ आणि दही आहेत. महागडे डबे लागत नाहीत. मात्र मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारणे आवश्यक, आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण अचानक कमी करणे धोक्याचे, साखर एकदम खाली जाऊ शकते.

भाकरी-भात ठेवायचा, फक्त सरावाच्या आसपास ठेवायचा. सकाळी पळायचे असेल तर आधी एखादे केळे किंवा दोन खजूर, परतल्यावर तासाभरात अंडी-चपाती. ज्या दिवशी विश्रांती त्या दिवशी भात निम्मा. पोट किती भरावे याची शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून कानांवर पडलेली असते, ती इथे पुन्हा सांगायला नको.

रमजान आणि सराव

वजन उतरवण्याचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतेच, रमजानमध्ये होईल कमी. रोजा इबादत आहे, त्याला डाएटचा कार्यक्रम करू नये ही एक गोष्ट. दुसरी व्यवहाराची. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्या सांगतात की महिन्याभरात सरासरी किलोभराच्या आसपास वजन उतरते आणि ईदनंतर थोड्याच आठवड्यांत बहुतेक परत येते. इफ्तारीला भजी-समोसे आणि रंगीत शरबत, सहेरीला झोप आवरली नाही म्हणून नुसते पाणी, असे चालले तर तेवढेही उतरत नाही.

रोजा ठेवून खेळता येते याची मोठी मोठी उदाहरणे आहेत. बास्केटबॉलपटू हकीम ओलाजुवान यांनी फेब्रुवारी १९९५ मध्ये, रमजान चालू असताना, अमेरिकेच्या सर्वोच्च लीगमध्ये महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू हा मान मिळवला. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२१ मधल्या लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेस यांच्या फुटबॉल सामन्यात मगरिबची वेळ झाल्यावर खेळ क्षणभर थांबला आणि रोजेदार खेळाडूंनी इफ्तार केली. हे खेळाडू त्या महिन्यात वजन उतरवत नव्हते, आहे ते टिकवत होते. आपल्या मुलांनीही तेच धोरण ठेवावे. सहेरी चुकवू नये; तिच्यात अंडी, दही, भाकरी असावी. जोरदार सराव तरावीहनंतर किंवा इफ्तारीनंतर दीड-दोन तासांनी, आणि इफ्तारीच्या आधी करायचाच असेल तर अर्धा तास हलके चालणे. इफ्तारी ते सहेरी या वेळात पाणी थोडे थोडे, सतत. तळलेले आठवड्यातून दोनदा ठेवले तर भांडण होत नाही.

पावडरी आणि गोळ्यांबद्दल थोडक्यात. चरबी जाळणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक 'हर्बल' गोळ्यांत सिब्युट्रामिन हे औषध लपवून घातलेले वेगवेगळ्या देशांच्या तपासण्यांत सापडले आहे. हृदयाला धोका म्हणून भारतात या औषधावर २०११ मध्ये बंदी आली. व्यायामशाळेत, पार्लरमध्ये किंवा शेजारणीकडून मिळणाऱ्या, नाव-पत्ता नसलेल्या पुडीला हात लावू नये. २०२५ मध्ये आपल्याकडे आलेली वजनाची इंजेक्शने खरी औषधे आहेत, लठ्ठपणाचा आजार असलेल्यांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तीन किलो उतरवण्यासाठी ती नाहीत.

वजन आठवड्यातून एकदाच करावे, शुक्रवारी सकाळी, लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी, आणि वहीत लिहून ठेवावे. रोज काट्यावर चढले तर पाण्याच्या चढउताराने मन हेलकावते. महिनाअखेर चार आकडे एकाखाली एक लिहून पाहावेत. त्याच पानावर सोळाशे किंवा आठशे मीटरची वेळही लिहावी. वजन उतरते आहे आणि वेळही घटते आहे तर सगळे बरोबर चालले आहे. वजन उतरते आहे पण वेळ वाढते आहे, झोप लागत नाही, सकाळी उठवत नाही, तर त्याच दिवसापासून एक भाकरी आणि एक अंडे वाढवावे.

चाचणीच्या आधीचा आठवडा वजन उतरवण्यासाठी नसतो. त्या आठवड्यात सराव निम्मा करावा, जेवण पोटभर ठेवावे, शेवटचे दोन दिवस भात-भाकरी थोडी वाढवावी. आदल्या रात्री नवे काही खाऊ नये, हॉटेलचे तर नाहीच. केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर अम्मीने बरोबर डबा बांधून द्यावा: चपाती, अंड्याची भुर्जी, चार केळी, थोडे खजूर, पाण्याच्या दोन बाटल्या. सकाळी नंबर कधी लागेल सांगता येत नाही, म्हणून उठल्यावर दोन केळी आणि चहा-चपाती, मग मैदानात रांगेत उभे असताना दर अर्ध्या तासाला दोन-चार घोट पाणी आणि एखादा खजूर खिशात.